मिरचीचे दिवस, वाकडा खांब

होळी उलटली की लालबागची हवा बदलते. पंचांगात ह्या ऋतूला नाव नाही. आमच्या घरात त्याला 'मिरचीचे दिवस' म्हणतात. पुलाखालून आत वळलं की पहिली शिंक येते, मसाल्याच्या दुकानांपाशी दुसरी, आणि तिसरी चाळीच्या जिन्यात, कारण जिन्यात कोणीतरी मिरचीचं सूप घेऊन देठं काढत बसलेलंच असतं. दुकानांच्या मागे मसाला कुटायचे डंके धडधडत असतात. बाया नाकाला पदर लावून, आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात. परगावच्या माणसाला वाटेल, इथे काहीतरी दुःखद घडलंय. सगळ्यांचे डोळे लाल, नाकं लाल, हातात रुमाल.

ह्या दिवसांत इथे कोणाच्या डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही. विचारायचं काय त्यात? मिरची असते.

मला हा वास लहानपणी फार आवडायचा. शाळेच्या सुट्टीचा वास तो. आता आवडत नाही. चार वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत आमच्या अप्पांचा एकुलता एक डोळा जात होता, आणि मी त्यांच्या काँप्युटरचं ग्राफिक्स कार्ड दुरुस्त करत होतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. एकुलता एक डोळा म्हटलं, कारण डावा त्यांनी गावीच, नवव्या वर्षी, विटीला देऊन टाकला होता. तिकडून कणकवलीच्या बाजूने मुंबईला आले ते एक डोळा घेऊन, आणि नोकरी कुठली मिळाली? गिरणीच्या डिझाइन खात्यात. साडीच्या काठावरची कोयरी बारीक चौकटींच्या कागदावर एकेक घर भरून काढायची. दोन डोळ्यांची माणसं तिथे वर्षाभरात चष्मा लावायची. अप्पांनी साठाव्या वर्षापर्यंत लावला नाही. "दोन असले की भांडतात," म्हणायचे. "एक असला की गुपचूप काम करतो." गिरणी बंद झाल्यावर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आणि आमच्या चाळीच्या गणपतीची सजावट तर ते पहिल्यापासून करत आलेले. मखराचं चित्र काढायचं, सुताराला मापं द्यायची, आणि चतुर्थीच्या आधी आठ दिवस स्वतः उभं राहून खांबाला खांब लावून घ्यायचा.

मी फोर्टातल्या एका कंपनीत काँप्युटर सांभाळतो. कोणाचा चालत नसेल तर जाऊन चालू करून देणं, हा माझा धंदा. अप्पा पासष्टचे झाले तेव्हा मीच हट्टाने त्यांना एक मशीन जोडून दिलं. मखर चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असा प्रोग्राम घालून दिला, आणि तो नीट चालावा म्हणून त्यात चित्र पडद्यावर दाखवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं. पहिल्यांदा मखर पडद्यावर गर्रकन फिरलं तेव्हा अप्पा खुर्चीतून उठून मशीनच्या मागे जाऊन बघून आले. त्यानंतर चाळीतल्या प्रत्येक माणसाला एकदा बोलावून ते मखर फिरवून दाखवण्यात आलं. मलासुद्धा तीनदा.

तर त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला अप्पांचा फोन आला. मी तेव्हा बदलापूरला राहायला गेलेलो होतो.

"बाबू, तुझा काँप्युटर डोळा मारतोय."

"म्हणजे?"

"मधेच लुकलुकतो. हिरवे ठिपके येतात. आणि आपल्या मखराचा मधला खांब आहे ना, तो वाकडा दिसतो."

तीन तक्रारी होत्या. त्या मी एकत्र लिहून घेतल्या, आणि चूक झाली ती तिथेच.

रविवारी गेलो. बघतो तर काँप्युटरला आईने आपल्या जुन्या लुगड्याचा ओला तुकडा घट्ट गुंडाळून ठेवलेला. आमच्याकडे मिरचीच्या दिवसांत हे असंच. पाण्याच्या माठावर ओलं फडकं, देवांवर ओलं फडकं, टीव्हीवर ओलं फडकं. मिरचीची धूळ ओल्यावर बसते, आत जात नाही. आईच्या सासूने तिला शिकवलेलं, आणि आईने काँप्युटरलाही घरचाच मानून त्याला तेच केलं. अप्पा पुढे बसून काम करत आणि मशीन आत गुदमरत होतं. हवा खेचायला जागाच नाही.

"आई, ह्याला श्वास घ्यायला लागतो गं."

"तुझ्या डब्याक? श्वास?" आई म्हणाली. "आमका घेवक मिळना नाय, त्याका खंयसून देव?"

खूप हसलो. अप्पा तर खुर्चीत मागे रेलून हसले, आणि हसता हसता उजवा डोळा तळहाताने चोळला. मी मशीन उघडलं, कार्ड बाहेर काढलं. त्याच्या पंख्यात तांबडा गाळ बसला होता. तेलकट, चिकट, अस्सल घरचा. फुंकर मारली आणि सलग सात शिंका आल्या. पंखा फिरतच नव्हता, कार्ड तापून तापून मेटाकुटीला आलेलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्या धंद्यात दोष सापडण्यासारखं सुख नाही. ब्रशने पातं न् पातं साफ केलं, कार्डाच्या सोनेरी पट्टीवर शाळेचं खोडरबर घासलं, परत बसवलं. लुकलुकणं बरंच कमी झालं. अप्पांना म्हटलं, "आता?"

अप्पांनी मान जरा तिरकी केली. "बरं आहे. खांब अजून जरासा..."

"होईल. तापलेलं कार्ड आहे, निवू दे."

पुढच्या रविवारी परत तेच. ठिपके पुन्हा आलेले, मी स्वतः पाहिले. माझ्या डोळ्यांनी पाहिले म्हणूनच फसलो. ठिपके खरे होते, लुकलुकणं खरं होतं, कार्ड खरंच मरायला टेकलं होतं. मग खांब वाकतो तोही कार्डामुळेच, ह्यात शंका कसली? आमच्यात एक नियम आहे, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो स्वतः शिकवतो: एक दोष सापडला की शोध थांबवायचा नाही, एका मशीनला दोन दुखणी असू शकतात. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी केबल बदलली. ऑफिसातून मॉनिटर आणून लावला. विंडोज नव्याने टाकलं. प्रत्येक वेळी अप्पांना पुढे बसवून विचारलं, आता? मी सगळं एकेक करून बदलून पाहिलं, बघणारा माणूस तेवढा तोच ठेवला. मला तर खांब सरळच दिसत होता. त्याचाही अर्थ मी लावून ठेवला होता: हा दोष येतो-जातो, मेकॅनिक आला की लपतो. असे दोष असतात. गिऱ्हाइकं नेहमी म्हणतात, "अहो, तुम्ही येईपर्यंत होत होतं." मी अप्पांना गिऱ्हाईक करून टाकलं.

आता मागे वळून बघताना त्या महिन्यातल्या साध्या साध्या गोष्टी एकेक करून समोर येतात. पेपर अर्धा वाचून ठेवून दिलेला. "हल्ली छपाई धड करत नाहीत," अप्पा म्हणाले होते, आणि मीही म्हटलं होतं, हो ना. टीव्हीवर मॅच लागलेली, आणि अप्पांनी विचारलं, कोण टाकतोय रे? बॉलरचं तोंड पडद्यावर परातीएवढं मोठं असताना. एकदा आईने मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या चटईच्या कडेवर त्यांचा पाय पडला. आई ओरडली. आणि डोळा चोळणं तर सारखंच चाललेलं. मी ते बघत होतो. आईही बघत होती.

"मिरचेच्या हातान डोळे चोळू नकात म्हणून कितीदा सांगलंय ह्यांका," ती मला सांगायची. "आयकूकच नाय."

आम्ही दोघांनी त्या डोळ्याचं एवढंच केलं. रागावलो.

चौथ्या रविवारी मी कंटाळून गेलो होतो. अंगाची लाही होत होती, शर्ट पाठीला चिकटलेला. लॅमिंग्टन रोडला जाऊन ओळखीच्या माणसाकडून वापरलेलं पण चांगलं कार्ड आधीच आणून ठेवलं होतं. ते बसवलं. लुकलुकणं गेलं, ठिपके गेले, मखर लोण्यासारखं फिरायला लागलं. स्क्रू पिळता पिळता मी म्हटलं, आणि ते मी कसं म्हटलं हेसुद्धा मला अजून ऐकू येतं, थट्टेत, पण थट्टेखाली वैताग होता:

"बघा अप्पा. आता परत तक्रार नको हं. मलाही रविवार एकच असतो."

अप्पा पडद्याकडे बघत होते. मान तिरकी. मग म्हणाले, "झकास."

"खांब?"

"झकास रे. तू जेव आता."

त्या दिवशी आईने सोलकढी केली होती. मी तीन वाट्या प्यायलो आणि पंख्याखाली गाढ झोपलो. इतकं समाधान मला क्वचित मिळालं असेल.

मे गेला, जून गेला. अप्पांचा फोन यायचा, पण काँप्युटरबद्दल अवाक्षर नाही. मीच एकदा विचारलं तर म्हणाले, घोड्यासारखा पळतो. मी ऑफिसात सांगत सुटलो की आमच्या लालबागला मसाल्याने कार्ड मेलं आणि मी ते खोडरबरने चार आठवडे जगवलं. लोक हसायचे. गोष्ट चांगलीच होती.

आषाढात मंडळाच्या सुताराचा, विलासचा, फोन आला. अप्पांबरोबर वीसेक वर्षं काम केलेला माणूस. सांगू की नको असं करत होता.

"अरे, अप्पांनी प्रिंट दिलीय मखराची. मधला खांब पोटात गेलाय. मी म्हटलं नवीन डिझाइन असेल, तर अप्पा बोलतात, सरळ आहे, तू डोळे तपासून घे. आता मी काय बोलू त्यांना? तू जरा बघ ना."

"कार्डाचाच घोळ असेल," मी म्हटलं. तोंडातून सवयीने निघून गेलं. आणि फोन हातात असतानाच ते चूक असल्याचं कळलं.

कारण कार्डाचा दोष कागदावर येत नाही. हे मी रोज लोकांना सांगतो. पडद्यावर हिरवे ठिपके दिसोत नाहीतर रेघा, फाईल आत शाबूत असते. प्रिंट काढली तर स्वच्छ येते. कार्ड फक्त दाखवण्याचं काम करतं, त्याला चित्रात हात घालता येत नाही. खांब कागदावर वाकडा आला असेल तर तो कोणीतरी वाकडा काढलेला आहे.

फाईल मागवून घेतली. ऑफिसातल्या माझ्या टेबलावर उघडली. मधल्या खांबाचे मधले बिंदू एका बाजूला ओढलेले होते. घाईने नाही, एकेक करून, बेताने, घराला घर मोजून. अप्पांना तो खांब वाकडा दिसत होता, आणि परत तक्रार करायची नाही म्हणून त्यांनी तो आपल्या हाताने सरळ करून घेतला होता. जेवढा त्यांना उजवीकडे वाकलेला दिसला, तेवढा त्यांनी डावीकडे ओढला. जन्मभर सरळ रेघ काढलेला हात. मी भर ऑफिसात टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, अप्पांना 'काका' म्हणाल्या. त्यांनी हातात एक कागद दिला. बारीक चौकटींचा, मधोमध एक ठिपका. म्हणाल्या, ठिपक्याकडे बघा काका, आणि रेघा कशा दिसतात ते सांगा.

अप्पांनी कागद बोटांनी चाचपला. त्यांना आधी बरंच वाटलं. "हा तर आमच्या खात्यातला कागद," म्हणाले. मग मान तिरकी केली. त्या कागदाला ते आयुष्यभर ओळखत होते, तो कसा दिसायला हवा हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाई, मधे कापड गोळा झालंय. आणि ठिपका कुठाय?"

डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपत होतं. औषध आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. पण मधल्या भागात आता वण धरलाय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं. मग त्यांनी विचारलं, "सरळ रेघा वाकड्या दिसायला कधीपासून लागल्या? तेव्हा लगेच आला असतात तर बराच फरक पडला असता."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आताच," म्हणाले. "पंधरा दिवस झाले असतील."

माझ्यासाठी ते एका अनोळखी डॉक्टरसमोर खोटं बोलले, आणि मला खरं सांगायचं धाडस झालं नाही.  आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं लोकांना हसत सांगणारा मी. चार रविवार बंब घेऊन सोमेश्वरीलाच पाणी मारत बसलो होतो.

डोळ्यात सुई घ्यायला अप्पा न कुरकुरता जात राहिले. कडेकडेचं दिसणं राहिलं, मधलं गेलं. माणूस येतो-जातो ते त्यांना कळतं, शर्टाचा रंग कळतो, दाराची चौकट कळते. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. त्या वर्षीचं मखर विलासने आपल्या अंदाजाने सरळ उभं केलं. अप्पा त्याच्या मधल्या खांबावरून हात फिरवत वरपासून खालपर्यंत गेले आणि म्हणाले, "ओळंब्यात आहे." मंडळाने त्यांना मानाचा नारळ दिला. पुढच्या वर्षीपासून सजावट दुसरे करतात, छान करतात.

आईने मला एकदाच विचारलं. माजघरात, बरणीत मसाला दाबून भरत असताना. वर हिंगाचा खडा ठेवला, झाकण लावलं, फडकं बांधलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबू, माझ्या लुगड्यामुळे तर काय झाला नाय मा?"

"नाही गं. त्याने फक्त कार्ड गेलं."

"खरा सांग."

"खरंच सांगतो, आई."

खरं तेच होतं. पण तिने विचारल्यावर मला उमगलं की आमच्या दोन खोल्यांत दोन वेगवेगळे गुन्हेगार बसले आहेत, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला तो बाहेर गॅलरीत बसून मिरच्यांची देठं काढतोय. माझा गुन्हा मी तिला त्या दिवशीही सांगितला नाही. तिला मी इतकंच सांगितलेलं आहे की अप्पांनी उशिरा सांगितलं.

ते जुनं कार्ड अजून माझ्या खणात आहे. टाकवत नाही. पंख्याच्या कडेला अजून थोडी लाली आहे, आणि खण उघडला की चार वर्षांनीसुद्धा नाक चुरचुरतं. ऑफिसात कोणी म्हणालं की पडद्यावर काहीतरी विचित्र दिसतंय, तर मी आधी त्याला दुसऱ्याच्या पडद्यापुढे नेऊन बसवतो, आणि समोरच्या दरवाजाची चौकट सरळ दिसते का ते विचारतो. हसतात मला. हसू देत. कानाला खडा लावलाय, पण उशिरा लावलेल्या खड्याने ज्याचं गेलं त्याचं काय येतं?

काल परत गेलो होतो. पुलाखाली पहिली शिंक, दुकानांपाशी दुसरी. डंके तसेच धडधडत होते. आमच्या गॅलरीत अप्पा पाटावर बसलेले, पुढ्यात बेडगी मिरच्यांचा ढीग. हे काम आता त्यांचं. देठ बोटाला बरोबर सापडतं, बघावं लागत नाही, आणि चाळीतल्या बायका म्हणतात की अप्पांच्या मिरचीत एक देठ सापडायचं नाही. मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसलो.

"कसे आहात?"

"झकास."

हा शब्द ऐकला की मी आता बारीकसारीक सगळं विचारतो. गुडघा? झोप? जेवण? औषध वेळेवर? सगळ्याला झकास. चार वर्षांत त्यांनी मला त्या रविवारच्या वाक्याची एकदाही आठवण करून दिलेली नाही. मी दर वेळी वाट बघतो. आज म्हणतील, तूच म्हणालास ना रे तक्रार नको म्हणून. म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर मला एकदा मोठ्याने रडून घेता आलं असतं.

"समोर नको बसूस," ते म्हणाले. "समोर बसलास की तू नसतोसच. इथे ये, बाजूला."

मी स्टूल उचलून त्यांच्या उजव्या हाताला बसलो. त्यांनी तोंड मात्र पुढेच ठेवलं. आधी मी बसलो होतो त्या रिकाम्या जागेकडे रोखून बघत राहिले. हात चालूच. अशा वेळी ते माझ्याकडे बघत असतात, हे मला आता माहीत झालंय.

"केस पिकले की रे तुझे," ते म्हणाले.

मी रुमाल काढून डोळ्यांना लावला. गॅलरीत पलीकडे दोघी-तिघी होत्या, जिन्यातून माणसं जात-येत होती; कोणीही वळून पाहिलं नाही. अप्पांचा हात मात्र थांबला.

"काय झालं रे डोळ्याला?"

"काही नाही अप्पा. मिरची."

त्यांनी हातातलं देठ बाजूला टाकलं. तोंड तसंच पुढे, रिकाम्या जागेकडे.

"मिरची म्हणून सोडू नको," म्हणाले. "दाखवून घे."